समुद्रावरची हवा, लेसरचा झोत आणि वाकणारे आरसे

मागच्या अंकात जहाजांवर बसवलेल्या लेसर यंत्रणांची ओळख करून देणारा लेख आला होता. त्यात एक वाक्य होतं: "समुद्रावर डोंगर नाहीत, इमारती नाहीत, धूळ नाही, लेसरला मोकळं रान मिळतं." त्या एका वाक्यावर इतकी पत्रं आली की संपादकांनी या वेळचं सगळं सदर त्यासाठी राखून ठेवलं आणि पत्रांचा गठ्ठा माझ्या हवाली केला. नोकरीची बहुतेक वर्षं मी पाण्यावरून जाणाऱ्या लेसरचं वाटेत काय होतं ते मोजत होते, त्यामुळे त्या वाक्याशी मला भांडायचंच होतं. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत, लांबलचक पत्रं थोडी कापली आहेत.

प्रश्न: ताई, समुद्रावर धूळ नसते, धूर नसतो. मग लेसर अडतो कुठे? हवा तर पारदर्शकच असते ना?
— अकरावीतली विद्यार्थिनी

उत्तर: धूळ नसते, पण मीठ असतं. वारा ताशी बारा-पंधरा किलोमीटरच्या पुढे गेला की लाटांची टोकं फुटायला लागतात आणि पांढरा फेस दिसू लागतो. त्या फेसातला बुडबुडा फुटतो तेव्हा आधी त्याचा वरचा पातळ पापुद्रा फाटतो आणि त्याचे अतिसूक्ष्म थेंब उडतात. मग तळातून पाण्याची बारीक चिळकांडी वर येते आणि तिचे मोजके, जरा मोठे थेंब होतात. हे सगळे वाऱ्याबरोबर चढतात, अर्धवट सुकतात, आणि हवेत तरंगत राहतात ते खारट पाण्याचे कण: मायक्रॉनच्या काही दशांशापासून दहा-वीस मायक्रॉनपर्यंतचे. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. जहाजांवरच्या आजच्या बहुतेक लेसरची तरंगलांबी एक मायक्रॉनच्या आसपास असते. कणाचा आकार आणि तरंगलांबी अशी तोडीस तोड असली की कण आपल्या आकारमानाच्या मानाने भलताच प्रकाश विखुरतो.

"अर्धवट सुकतात" असं मुद्दाम लिहिलं. आर्द्रता ७५ टक्क्यांच्या आसपास पोचली की मीठ हवेतलं पाणी ओढून स्वतःच त्यात विरघळतं, आणि समुद्रालगतची हवा बहुतेक वेळ एवढी दमट असतेच. ८० टक्क्यांना कणाचा व्यास कोरड्या कणाच्या साधारण दुप्पट होतो, ९८ टक्क्यांजवळ जवळपास चौपट. प्रकाश अडवण्याची ताकद ढोबळमानाने व्यासाच्या वर्गाप्रमाणे वाढते. म्हणजे वारा तोच, मीठ तेवढंच, फक्त दमटपणा ८० वरून ९८ वर गेला तर तीच हवा चौपट गढूळ.

आता थोडा हिशेब कर. दृश्यमानता २३ किलोमीटर असेल तर त्या हवेला आम्ही स्वच्छ म्हणतो. अशा हवेतून पाच किलोमीटर गेल्यावर हिरव्या प्रकाशाचा सुमारे ४३ टक्के भाग उरतो. दृश्यमानता ५ किलोमीटरवर आली की तेवढ्याच अंतरावर उरतात फक्त २ टक्के. एक मायक्रॉनचा अवरक्त (डोळ्यांना न दिसणारा, लाल रंगापलीकडचा) प्रकाश याहून बरा तग धरतो. पण समुद्रावरचे कण जाडेभरडे असल्याने शहरी धुरक्यात त्याला मिळतो तेवढा फायदा इथे मिळत नाही.

विखुरण्याखेरीज शोषण आहे. पाण्याची वाफ अवरक्त प्रकाशाचे पट्टेच्या पट्टे गिळते आणि मध्ये काही खिडक्या सोडते: १.०३ ते १.०६ मायक्रॉन, १.६ च्या आसपास, २.२ च्या आसपास. अमेरिकी नौदलाचा १९८० च्या दशकातला मेगावॉट ताकदीचा 'मिरॅकल' हा रासायनिक लेसर बघ. हायड्रोजन आणि फ्लोरिन वापरून प्रकाश मिळतो तो २.७ ते २.९ मायक्रॉनचा, आणि वाफ नेमका तोच खाऊन टाकते. म्हणून साध्या हायड्रोजनऐवजी महागडा ड्युटेरियम, म्हणजे जड हायड्रोजन, वापरला, की तरंगलांबी ३.८ मायक्रॉनच्या आसपास सरकते आणि प्रकाश सुटतो. हवेशी जमवून घेण्यासाठी इंधन बदललं! पुढे मुक्त इलेक्ट्रॉन लेसरबद्दल (यात वेगवान इलेक्ट्रॉनांच्या झोतातून प्रकाश काढतात) नौदलाला एवढं आकर्षण वाटलं त्याचं एक कारणही हेच, की त्याची तरंगलांबी हवी तशी निवडता येते. अमेरिकेतल्या जेफरसन लॅब या प्रयोगशाळेत २००६ साली अशा लेसरने १४ किलोवॉटची मजल मारली ती १.६ मायक्रॉनच्या खिडकीतच.

एक गोष्ट इथेच डोक्यात पक्की ठेव, पुढच्या उत्तरांत लागेल. विखुरलेला आणि शोषलेला प्रकाश गेला तो गेला. कुठलाही आरसा तो परत आणत नाही.

प्रश्न: मॅडम, माझं आयुष्य बोटींवर गेलं. काही रात्री दूरच्या दीपगृहाचा दिवा अगदी स्थिर दिसायचा, काही रात्री तोच थरथरायचा. एकदोनदा तर क्षितिजापलीकडचा दिवा वर उचलल्यासारखा दिसला. वारा मात्र दर वेळी साधारण सारखाच होता. लेसरचंही असंच होतं का?
— निवृत्त खलाशी

उत्तर: अगदी असंच होतं. आणि वारा सारखा असूनही फरक पडला, ही तुमची नोंद मला फार आवडली. यातला खरा सूत्रधार म्हणजे हवा आणि पाणी यांच्या तापमानातला फरक. वारा त्याच्या हाताखाली काम करतो.

हवेचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश तिच्यात किती मंदावतो ते सांगणारा आकडा, साधारण १.०००३ असतो. तापमान एका अंशाने वाढलं की तो सुमारे दशलक्षात एका भागाने घटतो. क्षुल्लक वाटतं. पण मीटरभर जाडीचा हवेचा एखादा गोळा शेजारच्या हवेपेक्षा अंशाच्या दहाव्या भागाने गरम असला, तर त्यातून जाणारा प्रकाश ०.१ मायक्रॉनने पुढे निघतो, म्हणजे आपल्या लेसरच्या एक दशांश तरंगाएवढा. पाच किलोमीटरच्या वाटेत असे हजारो गोळे भेटतात, काही गरम, काही थंड. बरंचसं एकमेकांत वजा होतं, तरी शेवटी सहा-सात तरंगांचा घोळ शिल्लक राहतो. निघताना सपाट असलेलं तरंगाग्र, म्हणजे प्रकाशलहरीची पुढची आघाडी, पोचेपर्यंत पार चुरगळलेलं असतं.

जमिनीवर हा प्रकार सूर्याच्या वेळापत्रकाने चालतो. भर दुपारी कळस, आणि सूर्योदयानंतर व सूर्यास्ताआधी थोडा थोडा वेळ शांतता. पाणी तसं पटकन तापतही नाही आणि निवतही नाही, म्हणून समुद्रावर घड्याळ बघून काही सांगता येत नाही; हवा कुठून आली ते बघावं लागतं. थंड हवा गरम पाण्यावर आली की खालून तापते आणि बुडबुड्यांसारखी वर उसळत राहते. उलट गरम हवा थंड पाण्यावर आली की थर जागच्या जागी बसतात, पण त्यांच्या तापमानात मोठा फरक असतो आणि वारा ते घुसळतो. दोन्ही तापमानं जवळपास सारखी असतात ती तुमची स्थिर दिव्याची रात्र. या खळबळीची मोजपट्टी आहे, तिला आम्ही 'सी-एन-स्क्वेअर' म्हणतो. तापलेल्या जमिनीलगतच्या आकड्याच्या मानाने समुद्रावरचा आकडा बऱ्याचदा दहावा ते शंभरावा भाग असतो. तेव्हा लेखातलं 'मोकळं रान' अगदीच खोटं नाही. पण समुद्रावरची वाट लांब, आडवी आणि सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाण्यालगतच्या हवेतून जाणारी असते, तिथे ही सवलत संपते.

पाण्याचं तापमान मोजणं हीसुद्धा एक डोकेदुखी आहे. जहाजाचा नेहमीचा तापमापक इंजिनसाठी आत घेतलेल्या पाण्यात असतो, म्हणजे पृष्ठभागाखाली काही मीटर. हवेला मात्र भेटते ती वरची मिलिमीटरभराची त्वचा, आणि ती बहुधा खालच्या पाण्यापेक्षा अंशाच्या दोन-तीन दशांशांनी थंड असते. हवा-पाण्यातला फरकच मुळात अर्धा अंश असेल तेव्हा या दशांशांनी अंदाज उलटापालटा होतो. म्हणून आम्ही जहाजाच्या बाजूला, त्याच्या स्वतःच्या लाटेपासून दूर, एक तरंगती नळी सोडायचो आणि तिच्या टोकाशी तापमापक असायचा. हवेचा तापमापक डेकवर टांगला तर तो तापलेल्या लोखंडाचं तापमान सांगतो, म्हणून तो पुढच्या टोकाला, लांब दांड्यावर.

पल्याडच्या टोकाला काय दिसतं तेही सांगते. पांढरा फळा, त्यावर लेसरचा ठिपका, आणि अवरक्त प्रकाश डोळ्यांना दिसत नाही म्हणून समोर कॅमेरा. शांत हवेत ठिपका गोल, मधे उजळ, कडेला फिकट. हवा बिघडायला लागली की पहिल्यांदा तो आख्खाच्या आख्खा हिंडायला लागतो, फळ्यावर तळहाताएवढ्या जागेत. त्यानंतर फुगतो. आणि फारच बिघडलं की फुटतो: चार-सहा ठिणग्या, मधे काळे डाग, सेकंदाला शंभरदा जागा बदलणारे. उन्हात पाण्याच्या टाकीच्या तळाशी उजेडाचं जाळं हलताना तुम्ही पाहिलं असेल. तिथे लाटा भिंगाचं काम करतात, इथे हवेचे गोळे. जाळ्याच्या दोऱ्या म्हणजे ठिणग्या, मधली भोकं म्हणजे काळे डाग. हे काळे डाग पुढे आरशाला फार छळतात.

उचललेल्या दिव्याचं कारण वेगळं. थंड पाण्यावर गरम हवा असेल तर दाट हवा खाली राहते आणि किरण पृथ्वीच्या गोलाईबरोबर खाली वळतात; क्षितिजाखालचा दिवा वर येतो. १५९७ च्या जानेवारीत आर्क्टिकमधल्या नोव्हाया झेम्ल्या बेटावर हिवाळ्यात अडकलेल्या, बॅरेन्ट्स या डच दर्यावर्दीच्या खलाशांना ध्रुवीय रात्र संपायला सुमारे दोन आठवडे असताना सूर्य दिसला होता. त्यांच्यावर कित्येक वर्षं कोणी विश्वास ठेवला नाही. उलट परिस्थितीत, म्हणजे गरम पाण्यावर थंड हवा असताना, किरण वर वळतात, क्षितिज अलीकडे सरकतं आणि पाण्यालगतच्या वस्तूखाली तिचीच उलटी प्रतिमा दिसते. मृगजळच ते. लेसरचा नेम यामुळे चुकतो का? फारसा नाही, कारण प्रतिमा ज्या वाटेने आली त्याच वाटेने झोत परत जातो. पण पाठलाग करणाऱ्या कॅमेऱ्याला एकाऐवजी दोन लक्ष्यं दिसतात आणि तो दोघांच्या मधेच कुठेतरी नेम धरून बसतो.

प्रश्न: मोठ्या दुर्बिणी आकार बदलणाऱ्या आरशाने ताऱ्यांची लुकलुक घालवतात, असं मी मुलांना शिकवतो. तेच तंत्र जहाजावर बसवलं की प्रश्न मिटला, नाही का?
— भौतिकशास्त्राचे शिक्षक

उत्तर: सर, अर्धा मिटला. उरलेल्या अर्ध्यावर लोकांची आयुष्यं गेली आहेत.

कल्पना होरेस बॅबकॉक यांनी १९५३ साली मांडली. सोव्हिएत संघात लिनिक यांनी १९५७ मध्ये. येणाऱ्या प्रकाशाचं तरंगाग्र कुठे किती चुरगळलं आहे ते मोजायचं आणि आरशाला बरोबर उलटा आकार द्यायचा. मोजण्यासाठी बहुधा शॅक-हार्टमन सेन्सर वापरतात. बारीक भिंगांची जाळी असते, प्रत्येक भिंग आपापला ठिपका पाडतं, आणि ठिपका जागेवरून किती सरकला यावरून त्या तुकड्याचा उतार कळतो. लेसर बाहेर पाठवायचा असेल तेव्हा त्याच आरशावरून तो आधीच उलटा चुरगळून सोडतात, म्हणजे हवा त्याला वाटेत सरळ करते. १९७० आणि ८० च्या दशकांत या कामाचा मोठा भाग अमेरिकेत लष्करी गुप्ततेत झाला. लेसरने आकाशात कृत्रिम तारा उभा करण्याचं तंत्र १९९१ साली खुलं केलं गेलं आणि मग खगोलशास्त्रज्ञांनी ते उचललं.

याचा उपयोग किती, ते आकड्यांत पाहा. ३० सेंटिमीटरचा आरसा, १.०६ मायक्रॉनचा लेसर, ५ किलोमीटर अंतर. हवा नसतीच तर ठिपका चार-साडेचार सेंटिमीटरचा. आता हवेचा दर्जा सांगणारी 'फ्रीड लांबी' समजा ५ सेंटिमीटर आहे, म्हणजे तरंगाग्र तेवढ्या तुकड्यापुरतंच सपाट राहतं. ठिपका सरासरीने सहापट रुंद होतो, आणि मधली तीव्रता छत्तिसाव्या भागावर येते. लेसर तोच, वीज तीच!

या बिघाडाचा मोठा हिस्सा सुदैवाने साधा असतो. हवेच्या खळबळीचा नेहमी वापरला जाणारा गणिती नमुना कोल्मोगोरोव्ह यांचा; त्यातल्या हवेत तरंगाग्राच्या एकूण चुकीपैकी सुमारे ८७ टक्के म्हणजे नुसता कल: आख्खा झोत इकडे किंवा तिकडे झुकणं. नोल यांनी १९७६ साली हा हिशेब मांडला. त्यासाठी वाकणारा आरसा लागत नाही, झपाट्याने हलणारा सपाट आरसा पुरतो. जहाजाचं डोलणं आणि इंजिनाची थरथरही त्याच आरशाने काढायची असते. माझं मत विचाराल तर समुद्रावर पहिला पैसा या हलत्या आरशावर आणि चांगल्या ट्रॅकिंग कॅमेऱ्यावर खर्चावा, वाकणारा आरसा नंतर. परिषदांमध्ये मात्र सगळे टाळ्या वाजवतात त्या वाकणाऱ्या आरशाला.

उरलेल्या भागासाठी दुर्बिणीची युक्ती जशीच्या तशी का चालत नाही? दुर्बीण वर बघते. खळबळ तिच्या जवळच्या काही किलोमीटरांत आटोपते आणि तारा पलीकडे अनंत अंतरावर. हवा आरशाजवळच असते, म्हणून चुरगळलेलं तरंगाग्र मिळतं पण उजेड बऱ्यापैकी एकसारखा पडतो. समुद्रावर हवा सगळ्या वाटेवर पसरलेली. लांबच्या टोकाशी झालेल्या चुरगळ्यांना पुढे पसरायला किलोमीटरचे किलोमीटर मिळतात, आणि त्यांचं रूपांतर उजेड-अंधारात होतं. वरच्या उत्तरातले काळे डाग ते हेच. सेन्सरच्या ज्या भिंगावर काळा डाग पडला त्याचा ठिपकाच गायब, मोजणार काय?

त्याहून वाईट म्हणजे जिथे तीव्रता शून्य होते त्या बिंदूला कलाच नसते (कला म्हणजे तरंग आपल्या चढ-उतारात कुठे पोचला आहे ती स्थिती). त्याच्याभोवती एक फेरी मारली तर कला पुरत्या एका तरंगाने पुढे सरकलेली आढळते, एखाद्या गोल जिन्यासारखी. सलग पत्र्याच्या आरशाला असा जिना करता येत नाही, कुठेतरी पायरी तुटावीच लागते. आणि उतारांवरून पृष्ठभाग जुळवणारं नेहमीचं गणित हा जिना पाहतच नाही. डेव्हिड फ्रीड यांनी १९९० च्या दशकात हे दाखवलं आणि त्याला 'लपलेली कला' म्हटलं. फ्रीड लांबीवालेच हे फ्रीड. तुम्ही मुलांना शिकवताना हा भाग घ्या, हुशार मुलं यावर तासभर भांडतील.

दुसरी अडचण वेगाची. वारा ते गोळे झोतातून वाहून नेतो. ताशी ७२ किलोमीटर आडवा वेग आणि ५ सेंटिमीटर फ्रीड लांबी धरली तर ग्रीनवुड वारंवारता, म्हणजे हवेचा बिघाड किती झपाट्याने बदलतो त्याचा आकडा, १७२ हर्ट्झ येते, आणि दुरुस्ती त्याच्या निदान दसपट वेगाने व्हावी लागते. एवढा वारा नेहमी नसतो, पण लक्ष्य आडवं पळत असेल आणि झोत त्याच्यामागे फिरत असेल तर तो फिरण्याचा वेगही वाऱ्यातच मिळवायचा.

तिसरी अडचण ताऱ्याची. मोजायला लक्ष्याकडून येणारा प्रकाश हवा, आणि समुद्रावर तारा कोण टांगणार? एखाद्या छोट्या लेसरने लक्ष्य उजळायचं आणि परतणाऱ्या प्रकाशावर काम चालवायचं. पण तो प्रकाश एका बिंदूतून येत नाही, खडबडीत पृष्ठभागाच्या बऱ्याच भागातून येतो, आणि लेसरप्रकाश असल्याने स्वतःच ठिपकेदार असतो. हवेने केलेला बिघाड कुठला आणि पृष्ठभागाने केलेला कुठला हे वेगळं काढणं कठीण. म्हणून काही गट तरंगाग्र मोजतच नाहीत. आरशाच्या सगळ्या बिंदूंना एकदम यादृच्छिक हलके धक्के द्यायचे, लक्ष्यावरचा उजेड वाढला तर त्याच दिशेने पुढे जायचं, कमी झाला तर उलट. आंधळेपणाने चाचपडण्याची ही पद्धत काळ्या डागांना घाबरत नाही, पण तिला पुष्कळ धक्के द्यावे लागतात आणि लांब पल्ल्यावर तेवढ्यात हवा बदलते.

प्रश्न: एवढी कटकट करण्यापेक्षा लेसरची ताकदच वाढवली तर?
— चार-पाच जणांनी विचारलेला

उत्तर: वाढवताहेतच. २०१४ मध्ये 'पॉन्स' या अमेरिकी जहाजावर ३० किलोवॉटचा लेसर होता, 'पोर्टलंड'वर २०२० साली ज्याने ड्रोन पाडलं तो १५० किलोवॉटच्या वर्गातला. पण ताकद वाढली की झोत स्वतःची वाट स्वतःच बिघडवायला लागतो.

समजा १०० किलोवॉटचा झोत आहे आणि हवा किलोमीटरमागे फक्त १ टक्का शोषते. म्हणजे दर मीटरला साधारण एक वॉट. झोत ३० सेंटिमीटर रुंद, आडवा वारा ताशी १८ किलोमीटर. झोत ओलांडताना हवा तापते ती अंशाच्या सुमारे अठराशेव्या भागाने. एवढ्या तापमानवाढीला कोण विचारतो? पण ती पाचही किलोमीटर एकाच दिशेची आहे, गोळ्यांसारखी आपापसांत वजा होत नाही. बेरीज येते सुमारे २.८ मायक्रॉन, जवळजवळ तीन तरंग. तापलेली हवा विरळ होऊन झोताला पसरवते. वारा गरम हवा एका बाजूला ढकलतो, त्यामुळे झोत वारा जिकडून येतो तिकडे वाकतो आणि ठिपका चंद्रकोरीसारखा होतो. वारा जेवढा मंद तेवढा त्रास जास्त. लक्ष्य थेट आपल्याच दिशेने येत असेल तर झोत फिरतही नाही, आणि हवा त्याच्यातच तापत बसते. एका मर्यादेनंतर लेसरची ताकद वाढवली की लक्ष्यावरची तीव्रता चक्क कमी होते.

इथे दुरुस्तीचा आरसाही घात करू शकतो. पसरलेला झोत बघून तो अधिक घट्ट करतो, घट्ट झोत हवा अधिक तापवतो, तो पुन्हा पसरतो, आरसा पुन्हा घट्ट करतो. ही साखळी सुटली की यंत्रणा सेकंदाच्या अंशात भरकटते. वाफेच्या खिडकीच्या अगदी मध्यावर तरंगलांबी ठेवणं हा यावरचा खरा उपाय, ज्याने शोषणच घटतं. म्हणून पहिल्या उत्तरात एवढा वेळ घालवला.

प्रश्न: धुक्यात आणि पावसात?
— एक वाचक

उत्तर: धुक्यात नाही. दृश्यमानता ५०० मीटर असेल तर एका किलोमीटरनंतर दहा हजारांत चार भाग उरतात. धुक्याचे थेंब तरंगलांबीपेक्षा कितीतरी मोठे, त्यामुळे तरंगलांबी थोडीफार बदलूनही फायदा नाही. हलक्या पावसात कधीकधी चालतं. थेंब मोठे पण विरळ असतात. आणि कुठलाही आकार बदलणारा आरसा इथे कामाचा नाही, कारण इथे प्रकाश बिघडलेला नसतो, गेलेला असतो.

प्रश्न: लेसर म्हटलं की शस्त्रच का? समुद्रावर त्याचा भला उपयोग काहीच नाही का?
— गृहिणी, नियमित वाचक

उत्तर: आहे, आणि मला वैयक्तिक तेच जास्त आवडतं. समुद्राचा तळ मोजण्यासाठी विमानातून एकाच वेळी दोन लेसर सोडतात, १०६४ नॅनोमीटरचा अवरक्त आणि ५३२ चा हिरवा (नॅनोमीटर म्हणजे मायक्रॉनचा हजारावा भाग). अवरक्त पृष्ठभागावरूनच परततो, हिरवा तळापर्यंत जातो. दोघांच्या वेळेतल्या फरकावरून खोली निघते. पाणी स्वच्छ असेल तर पन्नास मीटरच्या आसपास पोचता येतं, गढूळ असेल तर काही मीटरांतच खेळ खलास.

दुसरा उपयोग संदेशवहन. अमेरिकी नौदलाच्या संशोधन प्रयोगशाळेने चेसापीक उपसागरावर सुमारे १६ किलोमीटरच्या पल्ल्यावर लेसरने माहिती पाठवण्याच्या चाचण्या केल्या आहेत. लुकलुकीमुळे काही मिलिसेकंद प्रकाश गायब होतो, पण इथे शस्त्रासारखा अट्टहास लागत नाही. प्रकाश घेणाऱ्या दुर्बिणीचं तोंड रुंद ठेवलं की ठिणग्या आणि काळे डाग दोन्ही एकदम आत येतात आणि सरासरी बरी होते. शिवाय माहिती काळात विखरून पाठवली तर मधला हरवलेला तुकडा गणिताने भरून काढता येतो. गेलेला प्रकाश परत आणता येत नाही, पण गेलेली माहिती येते.

प्रश्न: हवेतल्या मिठाबद्दल सगळे बोलतात. लेसर ज्या काचेतून बाहेर पडतो तिच्यावर मीठ बसत असेल, त्याचं काय?
— जहाजदुरुस्तीत काम करणारा तंत्रज्ञ

उत्तर: हा प्रश्न विचारणारे तुम्ही एकटेच, आणि तो प्रत्यक्ष काम करणारा माणूसच विचारू शकतो. बसतं, आणि काही तासांत बसतं. काचेजवळचं मीठ प्रकाश विखुरतं, तो परतून स्वतःच्याच सेन्सरला आंधळं करतो. मीठ स्वतः एक मायक्रॉनचा प्रकाश फारसा शोषत नाही, पण त्याच्याबरोबर चिकटलेला तेलाचा अंश किंवा काजळी शोषते. तो ठिपका तापतो आणि काचेवरचा परावर्तनविरोधी लेप तिथे जळतो. एकदा जळालेला लेप पुढच्या वेळी जास्त शोषतो.

म्हणून वापर नसेल तेव्हा झाकण बंद, आत कोरड्या हवेचा किंचित जादा दाब, म्हणजे फटीतून हवा बाहेरच जाईल. सफाईला आधी शुद्ध पाण्याची भरपूर धार, मीठ पूर्ण विरघळेपर्यंत. कोरड्या फडक्याला काचेजवळही येऊ देऊ नका. मिठाचे स्फटिक लेपावर ओरखडे काढतात. नंतर दिवे मालवून टॉर्च काचेला जवळजवळ समांतर धरा. समोरून स्वच्छ दिसणारी काच तिरप्या उजेडात सगळं दाखवते. काजळीचा बंदोबस्त मात्र धुऊन होत नाही, म्हणून यंत्रणा जहाजावर कुठे बसवावी असं मला कोणी विचारलं की मी आधी धुराडं कुठे आहे ते विचारते.